एमिलची खिडकी

टार्बेल गावात एमिल हुदाकला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्या हातची एखादी तरी वस्तू नाही असं घर नव्हतं. कुणाच्या छपराची पन्हळ, कुणाचं धुराडं, कुणाचा मोठा पोहरा. चाळीस वर्षं त्याने पत्र्याचं काम केलं. पत्रा त्याच्या हातात कागदासारखा वळायचा. मोजपट्टी बाजूला ठेवून नुसत्या अंगठ्याने अंदाज घ्यायचा, कातर चालवायचा आणि दोन कडा एकमेकींत अशा बसवायचा की वरून बोट फिरवलं तरी सांधा कुठे आहे ते कळू नये.

पण गावात त्याचं नाव झालं ते खिडकीमुळे.

ती खरं तर खिडकी नव्हतीच. टार्बेलची घरं नदीकडे उतरणाऱ्या टेकडीवर एकाखाली एक बसलेली, त्यामुळे प्रत्येक घराचं तळघर निम्मं टेकडीत रुतलेलं. घर तापवायची भट्टी तिथेच. भट्टीतून गरम हवा पत्र्याच्या नळ्यांनी वरच्या खोल्यांत जाते आणि खोल्यांतली गार झालेली हवा दुसऱ्या एका रुंद नळीने ओढली जाऊन परत भट्टीत येते. एमिलने या ओढणाऱ्या नळीला तळघरातच, छातीच्या उंचीवर, दोन वीत लांबीचं भोक पाडलं आणि त्यावर जाळी ठोकली. उन्हाळ्यात भट्टी न पेटवता नुसता तिचा पंखा लावायचा. तळघरातला गारवा त्या भोकातून आत ओढला जायचा आणि वर निजायच्या खोलीत, अगदी उशाशी, गार झुळूक यायची.

पहिली खिडकी त्याने पाडली ती बहिणीच्या घरी, चौऱ्याहत्तर सालच्या जुलैत.

व्हर्ना त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा एमिल सहा वर्षांचा होता आणि ती अठराची. बाप पोलादाच्या कारखान्यात. तो काळाकुट्ट होऊन यायचा, तळघराच्या दारानेच आत शिरायचा, खालीच अंघोळ करायचा, खालीच जेवायचा. त्यामुळे व्हर्नाचा सगळा स्वयंपाकही खालच्या चुलीवर. वरच्या स्वयंपाकघरातली चूल इतकी कोरी होती की तिच्यावर लेसचा रुमाल आणि मरियामातेची तसबीर कायमची मुक्कामाला होती. लग्नाचं कुणी काढलं की ती म्हणायची, "एमिल शाळेतून सुटला की बघू." मग म्हणायला लागली, "एमिलचं होऊ दे आधी." पुढे लोकांनी विचारायचंच सोडलं. शाळेच्या मुदपाकखान्यात तिने तीस वर्षं पोरांना वाढलं, आणि बाप गेल्यावर त्याच घरात एकटी राहिली.

त्या जुलैत एमिल सकाळी तिच्याकडे गेला तर ती तळघराच्या जिन्यातच भिंतीला डोकं टेकून झोपलेली. वर उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून उशी घेऊन खाली निघाली होती आणि पायरीवरच डोळा लागला होता. एमिल घरी गेला, अवजारं घेऊन आला आणि दुपारपर्यंत भोक पाडून मोकळा झाला. जाळी बाजारातली नव्हे, स्वतः ठोकून केलेली, मधोमध आठ पाकळ्यांचं फूल.

त्या संध्याकाळी व्हर्नाने शेजारच्या बायकांना हाका मारमारून वर बोलावलं. "या, या, पलंगावर बसून बघा. माझ्या भावाने मला तळघरातला वारा वर आणून दिलाय."

झालं. स्टासिया वोल्चकोला हवी झाली, मग तिच्या नणंदेला, मग अख्ख्या गल्लीला. सात-आठ वर्षांत एमिलने स्वतःचं धरून एकतीस घरांत खिडक्या पाडल्या. कुणाकडून काही घेतलं नाही. कुणी भरल्या कोबीच्या पानांचं पातेलं दिलं, कुणी अक्रोडाची पोळी. गावात त्या भोकाला दुसरं नावच उरलं नाही. घरात नवीन सून आली की सासू दाखवायची, "ही आपली एमिलची खिडकी."

व्हर्नाला खोकला कधी लागला हे नीट कुणालाच सांगता यायचं नाही. आधी वाटलं, मुदपाकखान्यातलं पीठ. मग वाटलं, कारखान्याचा धूर; तो तर गावात सगळ्यांच्याच छातीत होता. पण कारखाना बंद पडला, आकाश निवळलं, दोरीवरचे कपडे पांढरेच्या पांढरे वाळायला लागले, आणि खोकला तिथेच. सकाळी उठल्यावर जास्त. चर्चच्या सहलीला चार दिवस तळ्याकाठी गेली की कमी. कुणी ऐकणारं घरात असतं तर ही गोष्ट ध्यानात आली असती. एकट्या माणसाच्या खोकल्याचा हिशेब कोण ठेवतो?

दोन हजार चार सालच्या नोव्हेंबरात एमिल सहासष्टचा होता. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि हात रिकामे होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांची घरं दुरुस्त करून द्यायची एक योजना निघाली होती. तिला जुने पत्रेवाले हवे होते. अट एकच, दोन दिवसांचा वर्ग करायचा. एमिल हसत हसत गेला. आता या वयात पत्रा कसा कापायचा ते शिकायचं!

शिकवणारी जनेल रफिन त्याच्या निम्म्या वयाची होती. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना एका रिकाम्या घराच्या तळघरात नेलं. ते घर शेजारच्या गावातलं होतं, पण नळीला भोक अगदी तसंच. कुण्या दुसऱ्या डोक्यातूनही तीच कल्पना निघाली होती. जनेलने पंखा लावला आणि एक रबरी पिचकारी दाबून जमिनीजवळ पांढरा धूर सोडला. धूर क्षणभर रेंगाळला आणि मग वाट माहीत असल्यासारखा उठून सरळ त्या भोकात शिरला.

"हे ज्याने पाडलं तो फार हुशार माणूस असणार," ती म्हणाली आणि वर्ग हसला.

एमिलने हात वर केला. "पण वर हवा गार येते."

"येते ना, मिस्टर हुदाक. ओल्या पायपुसण्यावरूनही गार हवा येते. ते तुम्ही तोंडावर घेऊन झोपाल का?"

पुन्हा हशा. मग तिने हसू आवरून सांगितलं. ही नळी ओढते. जवळ जे असेल ते ओढते. गारवा तेवढा घ्यावा अन् ओल खाली सोडावी, असं तिला कळत नाही. दगडी भिंतींना सुटलेला घाम, मोरीचा वास, कोपऱ्यातली बुरशी, सगळं वर जातं. भट्टी जवळ असेल तर धुराड्यातला जळका वायूसुद्धा उलटा खाली ओढला जातो. आणि भोक नसलं तरी नळीचे सांधे उघडे असले की थोड्या प्रमाणात हेच चालू असतं. "अशा घरात कुणी वर्षानुवर्षं खोकत असेल," ती म्हणाली, "तर आधी इथे खाली येऊन बघत जा."

वर्ग सुटल्यावर एमिल घरी आला तो कोट न काढता तळघरात उतरला आणि स्वतःची खिडकी बंद केली. पत्र्याचा तुकडा भोकाहून चारी बाजूंनी दोन बोटं मोठा कापला, स्क्रूने आवळला, कडांवर ब्रशने करडा लेप थापला. मग एकेक सांधा लेपत गेला. छताच्या दोन तुळयांच्या मधे पत्रा ठोकून पूर्वी नळीचंच काम भागवायचे. तिथल्या फटीही बुजवल्या. शेवटी पंखा लावला, काडी ओढून विझवली आणि तिचा धूर सगळीकडून फिरवला. धूर सरळ वर गेला.

उरली तीस घरं.

इथे त्याने जे केलं ते त्याच्यासारख्या माणसाने करायला नको होतं. स्टासियाच्या दारात उभा राहिला, आणि तोंडातून आलं ते असं, "काउंटीच्या कचेरीतून नवा नियम निघालाय. तळघरातली खिडकी बंद करावी लागते. मी फुकट करून देतोय."

"नियम?" स्टासियाने कमरेवर हात ठेवले. "आणि पाडली तेव्हा काउंटी झोपली होती का रे?"

"तेव्हा नियम नव्हता."

"म्हणजे उन्हाळ्यात आम्ही उकडून मरायचं! बरं बाई, कर. बुटांची घाण पुसून ये, मेल्या, आत्ताच फरशी केलीय."

खोटं एकदा चाललं की पुढच्या दाराशी आपोआप येतं. दुसऱ्या घरी नियम, तिसऱ्या घरी नियम. कुणी वैतागलं, कुणी कॉफी दिली. एकटा जॉर्ज सेम्को अडला. "माझ्या घरात मी ठरवतो. काउंटीला म्हणावं, ये आणि बंद कर," असं म्हणून त्याने दार लावलं. एमिलने फार आग्रह केला नाही. खोट्यासाठी किती आग्रह करणार?

पावसाळी शिशिर सरला, उन्हाळा आला. घरं होत आली. पण व्हर्नाच्या घराकडे अवजारांची पेटी घेऊन त्याचे पाय वळेनात. बाकीच्यांना नियम सांगता येत होता. व्हर्नाला खोटं सांगायला त्याची जीभ कधीच वळली नव्हती. आणि खरं सांगायचं तर असं सांगावं लागणार होतं, की तू तीस वर्षं आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतेस ती गोष्ट तुझ्या छातीत ओल भरतेय.

दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला जायचा. जाताना मनाशी म्हणायचा, आज बोलायचंच. मग ती दार उघडायची, दोन वाक्यांनंतर थांबून दम घ्यायची आणि म्हणायची, "बस, कोबी गरम आहे." तो बसायचा. जेवल्यावर खाली जाऊन भट्टीचा फिल्टर बदलायचा. जुना हातात घेतला की धुळीने जड लागायचा. एकदा हवेतली ओल शोषणारं यंत्र घेऊन आला. दोन दिवसांत बादली भरली. "भिंती रडतायत की काय?" व्हर्ना म्हणाली. तो हसला, बादली मोरीत ओतली आणि घरी आला.

सप्टेंबरात ती चर्चमध्ये असताना त्याने जाळीच्या मागे जाड पुठ्ठा सरकवून ठेवला. वाटलं, एवढ्याने निभावेल. पुढच्या रविवारी पुठ्ठा भट्टीशेजारच्या टेबलावर नीट ठेवलेला होता. तिला गारवा हवा असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुठ्ठा उचलून त्याने गाडीत टाकला. मग जेवायला बसला आणि कोबी वाढून घेतला.

जानेवारीत व्हर्नाला न्यूमोनिया झाला.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी उशाशी उभं राहून विचारलं, "घरात कुठे ओल वगैरे आहे का?"

व्हर्नाने नाकावरची नळी सारखी केली. "छे. माझा भाऊ पत्रेवाला आहे. हा काय, इथेच उभाय. घराचं सगळं तोच बघतो."

डॉक्टरीणबाईंनी एमिलकडे पाहिलं. एमिलने खिडकीबाहेर पाहिलं.

तिथून तो थेट तिच्या घरी गेला. दुपारी दोनला सुरुवात केली. जाळी सोडवली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला काळ्या मखमलीसारखा थर होता. पत्रा बसवला, लेप लावला, मग सबंध नळी, तुळयांमधल्या फटी, भट्टीच्या दाराची कड, काही म्हणता काही सोडलं नाही. चार तास लागले. चौदा महिने नुसते मागे पडले होते आणि काम होतं चार तासांचं.

नवव्या दिवशी व्हर्ना घरी आली. पलंगावर पड म्हटलं तर ऐकेना. "खाली जायचंय." कठडा धरून, मधे दोनदा पायरीवर बसून ती उतरली, आणि त्या करड्या तुकड्यासमोर उभी राहिली.

"बसवलंस."

"हो."

"नियम आला का?"

एमिलचे हात खिशात होते ते तिथेच राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं ते विचार. गुरुवारी पिरोही भरून कडा चिमटायला बसतो आम्ही, दहा बायका. दहांच्या दहा घरी नियम येऊन गेला. स्टासिया म्हणाली, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तिच्या कपाटांना बुरशी आली नाही. मग मला कळायला काय काउंटीचं पत्र हवं होतं? म्हटलं, येईल. माझ्याकडेही येईल नियम."

"तुला कळलं होतं तर तूच बंद का नाही केलीस? उशी कोंबायचीस आत!"

"मी का कोंबू? तू पाडली होतीस."

"मी पुठ्ठा लावला होता. तो तू काढलास."

"चोरासारखा लावलास म्हणून काढला. वाटलं, आता तरी विचारशील, का काढला म्हणून." ती थांबली, श्वास जमवला. "तू कोबी वाढून घेतलास."

एमिल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. मग त्याने सांगितलं. वर्ग, धूर, ओलं पायपुसणं, सगळं. सांगताना एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. "चुकलो मी, व्हर्ना. तीस वर्षं तुला ही हवा पाजली."

"तीस वर्षांचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "ते तू माझ्यासाठी केलं होतंस. न कळून केलंस. पण हे वरचं एक वर्ष, मिलको? ते कुणासाठी केलंस?"

मिलको हे त्याचं लहानपणचं नाव.  एवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली आणि ती त्याच्या खांद्याला धरून शेजारी टेकली.

"मीही शहाणी नाही," उबळ ओसरल्यावर ती म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणून बसले वाट बघत. छाती माझी, आणि हट्टही माझाच." मग त्याच्याकडे वळून, "सगळ्यांना खोटंच सांगितलंस?"

"सगळ्यांना."

"आणि सेम्को? त्याने तर दारातूनच हाकललं म्हणे."

"हो."

"त्याची बायको पण खोकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी एमिल जॉर्ज सेम्कोच्या दारात उभा होता. "नियमबियम काही नव्हता, जॉर्ज. मी चुकीचं काम केलं होतं. ते दुरुस्त करायला आलोय."

जॉर्जने त्याला खालून वर न्याहाळलं. "मग तेव्हाच का नाही बोललास असं? मी काउंटीला हाकललं होतं, तुला नव्हे." आणि बाजूला होऊन जिना दाखवला.

खाली काम करताना एमिलच्या कानावर वरच्या खोलीतला बाईचा खोकला येत होता. एवढं एक वाक्य. बोलायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

व्हर्ना त्यानंतर वर्षभर होती. सकाळचा खोकला उतरला; जिना मात्र तिला पुन्हा एका दमात चढता आला नाही. छातीत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. उन्हाळ्यात वरची खोली तापायची तेव्हा ती ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि एमिल शेजारी. बायका विचारायच्या, "व्हर्ना, तुझी खिडकी गं?" तर म्हणायची, "त्याला विचारा, तो सांगेल." एमिल सांगायचा. दर वेळी कान लाल व्हायचे, पण सांगायचा.

पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. डॉक्टरांनी वय सांगितलं, कारखान्याचा धूर सांगितला, आधीचा न्यूमोनिया सांगितला. त्या भोकाचा त्यात वाटा किती हे कुणालाच सांगता येणार नाही, असंही म्हणाले. एमिलने मान हलवली. वाटा कमी निघाला असता तरी त्याचं मन हलकं होणार नव्हतं.

घर विकलं ते एका तरुण जोडप्याला. बायकोच्या कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी होती. घर दाखवताना एमिल त्यांना तळघरात घेऊन गेला. फिल्टर कधी बदलायचा, उन्हाळ्यात भिंतींना घाम येतो तेव्हा कोणतं दार लावून ठेवायचं, सगळं सांगितलं. मग तो पत्र्याच्या तुकड्यापाशी थांबला.

"हा कधी काढू नका. गारव्यासाठी म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी. इथे मी भोक पाडलं होतं. चुकलं होतं ते."

बाई मुलीला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "लगेच लक्षात आलं ना पण तुमच्या?"

"नाही," एमिल म्हणाला. "आणि आल्यावरही मी चौदा महिने गप्प बसलो. वर माझी बहीण राहत होती."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. एमिलने पायरीवर बसायला जागा करून दिली आणि उरलेलंही सगळं सांगितलं.